मानवशास्त्र शिकायचंय: पुणे गाठावं, सोलापुरातून समाजशास्त्र करावं की घरी राहून इग्नू?

पदवी हातात आहे, माणसांच्या रीतीभाती, नातीगोती, यात्रा-जत्रा यांचा अभ्यास करायची ओढ आहे आणि घर सोलापुरात आहे, तर पुढचे खरे पर्याय तीन. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्रातली एमए किंवा एमएस्सी, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून समाजशास्त्रात एमए, नाहीतर नोकरी-घर सांभाळत इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, एमए मानवशास्त्र. तिघांची माहितीपत्रकं वाचली की विषय सारखेच वाटतात. फरक कळतो तो प्रयोगशाळेत, वस्तीत मुलाखतीला बसल्यावर आणि पदवीनंतर जाहिराती चाळताना.

महाराष्ट्रात हे दोन विषय एकाच अंगणात वाढले. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा. तो पुढे नावारूपाला आणणारे गो. स. घुर्ये केंब्रिजला रिव्हर्स या मानवशास्त्रज्ञाकडे शिकले होते. घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. त्यांनी डोक्यांची मापंही घेतली, नातेसंबंधांवरही लिहिलं आणि पंढरीची वारीही चालल्या. म्हणून जात, कुटुंब, विवाह, धर्म, खेडं एवढा भाग दोन्ही एमएंमध्ये बऱ्यापैकी सारखाच भेटतो. त्यापलीकडे मानवशास्त्रात उत्क्रांती, मानवी जनुकशास्त्र, हाडांची ओळख, प्रागैतिहासिक दगडी हत्यारं आणि भाषेचा अभ्यास येतो. समाजशास्त्रात औद्योगिक समाज, शहर, सामाजिक चळवळी आणि सिद्धान्त यांना जास्त जागा असते.

पुण्याला जाण्याचं सर्वांत ठोस कारण म्हणजे प्रात्यक्षिक, कारण हा भाग पुस्तकातून येत नाही. डोक्याच्या निर्देशांकाचंच घ्या. जबडे बाहेर वळलेल्या कॅलिपरने भुवयांच्या मधल्या उंचवट्यापासून डोक्याच्या मागच्या सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंत लांबी घ्यायची, मग कानांच्या वर जिथे डोकं सर्वांत रुंद असतं तिथे रुंदी. रुंदीला लांबीने भागून शंभरने गुणायचं. लांबी १८४ मिमी, रुंदी १४७ मिमी असेल तर निर्देशांक ७९.९ येतो, म्हणजे मध्यम डोकं. आता कॅलिपरचं मागचं टोक जरा खाली घसरलं आणि लांबी १८१ भरली, तर निर्देशांक ८१.२ होतो आणि तोच माणूस रुंद डोक्याच्या गटात जातो. तीन मिलिमीटरच्या चुकीने गट बदलतो. म्हणून एकच माप पुन्हा पुन्हा घ्यायला लावतात आणि दोघांनी घेतलेल्या मापांतला फरक नोंदवायला सांगतात. उंची मोजतानाही कानासमोरच्या उंचवट्याच्या वरची खाच आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत आणावी लागते. शिवाय वेळ लिहून ठेवायची, कारण दिवसभर मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी माणूस साधारण एखाद्या सेंटिमीटरने कमी भरतो. ही कामं शेजारी उभं राहून चूक दाखवणारं कुणी असल्याशिवाय हाताला बसत नाहीत.

अशा मापांवरून एके काळी वंशांची उतरंड लावली गेली, हेही तिथेच शिकायला मिळतं. कर्व्यांनी बर्लिनमध्ये कवट्यांचा अभ्यास केला तो वंशश्रेष्ठत्वाचा दावा करणाऱ्या युजेन फिशर यांच्या हाताखाली, आणि त्यांना त्या दाव्याला पुरावा सापडला नाही. आज हीच तंत्रं बालकांचं कुपोषण, खेळाडूंची शरीररचना, सापडलेल्या हाडांची ओळख यासाठी वापरतात. बीएस्सी जीवशास्त्र केलेल्या विद्यार्थ्याला म्हणूनच आम्ही बिनदिक्कत पुणे सांगू. समाजशास्त्राच्या एमएत त्याचं तीन वर्षांचं ज्ञान पडून राहील.

बीए करून आलेल्याने घाबरायचं कारण नाही, मात्र पहिल्या सत्रात पेशीविभाजन, मेंडेलचे नियम, रक्तगट हे बारावी विज्ञानाच्या पुस्तकातून आधी उरकून घ्यावं. मोठा अडसर इंग्रजीचा असतो. संदर्भग्रंथ जवळपास सगळे इंग्रजीत आहेत. आठवड्याला एक प्रकरण वाचून त्याचं पानभर मराठी टिपण काढायची सवय प्रवेशाआधी दोन महिने लावली, तर पहिलं सत्र निभावतं.

समाजशास्त्राच्या बाजूने बोलायचं तर वाचन मराठीत मिळतं, घरचं जेवण सुटत नाही आणि नोकरीचं गणित सोपं आहे. कला महाविद्यालय म्हटलं की समाजशास्त्र बहुतेक ठिकाणी असतं; मानवशास्त्राचे स्वतंत्र विभाग राज्यातच मोजके. प्राध्यापकीसाठीची नेट ही पात्रता परीक्षा साधारणपणे ज्या विषयात पदव्युत्तर पदवी त्याच विषयात द्यायची असते आणि त्या पदवीला खुल्या गटात ५५ टक्के, राखीव गटांना ५० टक्के लागतात. त्यामुळे सोलापूर, पंढरपूर, बार्शीच्या आसपास प्राध्यापकीच करायची असेल तर पदवीवर समाजशास्त्र असलेलं बरं. ‘मानवशास्त्र म्हणजे समाजशास्त्रच की’ या समजुतीवर अर्ज केला आणि छाननीत बाद झाला, असं होतं. जाहिरातीत ‘संबंधित विषय’ कोणते धरलेत ते शब्दन् शब्द वाचा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात दोन वर्षांच्या एमएला ८८ श्रेयांक (क्रेडिट) आहेत, प्रत्येक सत्राला २२. त्यांतले संशोधनपद्धतीचे ४, दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष काम किंवा क्षेत्र-प्रकल्पाचे ४, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्यात ६. क्षेत्रकामाच्या एका श्रेयांकाचे ३० तास धरले तर चौथ्या सत्रातच १८० तास हाताशी येतात. समाजशास्त्राला प्रवेश घेऊनही मानवशास्त्राच्या पद्धतीने काम करायचं असेल तर ते इथे करायचं. बहुतेक जण मात्र शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घेतात, टक्केवारीची कोष्टकं काढतात आणि मोकळे होतात. त्याऐवजी एकच गल्ली, एकच यात्रा, दहाच घरं घ्या आणि पुन्हा पुन्हा जा.

यासाठी सोलापूरसारखी जागा नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू एकाच पेठेत ऐकू येतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला, म्हणजे यात्रेला, सात नंदीध्वज निघतात. मंगळवेढा तालुक्यात हुलजंतीला दिवाळीत धनगरांची महालिंगरायाची यात्रा भरते, आणि पंढरपूर तर जिल्ह्यातच. नात्यांचा अभ्यास करणाऱ्याला शहराच्या पूर्व भागातली पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांची, घरं फार काही शिकवतात. कर्व्यांनी भारताचे नातेसंबंधांनुसार विभाग पाडले त्यात महाराष्ट्र मध्य विभागात येतो आणि आंध्र-कर्नाटक दक्षिण विभागात. सोलापूर त्या सांध्यावर आहे. मराठी घरांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं; तेलुगू-कन्नड घरांत मोठ्या बहिणीच्या मुलीशी झालेली लग्नंही जुन्या पिढीत सापडतात.

ही वंशावळ कागदावर काढायला बसलं की पहिल्या तासात गोंधळ होतो. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन समांतर रेघा, अपत्याला उभी रेघ, इथवर ठीक. पण मामा-भाचीचं लग्न आलं की नवरा वरच्या पिढीत आणि बायको खालच्या पिढीत पडते. विद्यार्थी मग मामाला एकदा वर भाऊ म्हणून आणि एकदा खाली जावई म्हणून काढतो. एक माणूस दोन होतो आणि घरातली डोकी जुळत नाहीत. उपाय जुनाच आहे: चित्र काढण्याआधी प्रत्येक माणसाला क्रमांक द्यायचा, वेगळ्या यादीत नाव, आई-वडिलांचे क्रमांक, जोडीदाराचा क्रमांक लिहायचा आणि चित्रात तिरकी रेघ मारायला कचरायचं नाही. मृत माणसावर काट मारायची, पण यादीतून गाळायचं नाही.

भाषेचा प्रश्न असाच. आजीबाई तेलुगूत बोलतात आणि नात मराठीत सांगते. नात घरच्या भांडणाचा, दुसऱ्या लग्नाचा, कर्जाचा भाग सहज गाळते, तोही भल्या हेतूने. म्हणून परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावं आणि नंतर ते घराबाहेरच्या जाणकाराला ऐकवावं. एका तासाचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास जातात, दोन भाषा असल्या तर त्याहून जास्त. शेवटच्या महिन्यात वीस मुलाखती उतरवायला काढणारा विद्यार्थी तिथेच अडकतो.

सोलापुरातल्या सेटलमेंटच्या भागात काम करायचा मोह बऱ्याच जणांना होतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं गेलं आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण शिक्का पुसला गेलेला नाही. तिथे कागद-पेन घेऊन थेट जाऊ नये. आधी वस्तीतल्या कार्यकर्त्यांशी बोलावं, काय लिहिणार ते सांगावं, नावं बदलून लिहावं आणि लिहिलेलं वाचून दाखवावं.

पुण्याला प्रवेश घेतलात तरी प्रबंधाचं क्षेत्र सोलापूर ठेवता येईल का, हे मार्गदर्शकांना पहिल्या वर्षीच विचारा. आमच्या मते सगळ्यांत फलदायी मार्ग तोच: हत्यारं पुण्यात शिकायची आणि चालवायची सोलापुरात. हुतात्मा एक्स्प्रेसने चार तासांचं अंतर आहे. रोजची ये-जा त्यावर होत नाही, महिन्यातून दोनदा सहज होते. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र शुल्काच्या कैक पट होतो, तेव्हा वसतिगृह मिळण्याची शक्यता आणि शिष्यवृत्ती यांचा हिशेब आधी मांडा.

इग्नूचं एमए कोणत्याही पदवीधराला खुलं आहे. किमान दोन, कमाल चार वर्षं. गुणांपैकी ३० टक्के स्वाध्यायांना आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला, जी जून आणि डिसेंबरात होते. शिक्षक, बँक कर्मचारी, लहान मुलं असलेली आई यांच्यासाठी याला पर्याय नाही. अडचण येते ती दोन ठिकाणी. मागच्या सत्राचे स्वाध्याय सोडवून दिले तर ते धरत नाहीत. आपल्या प्रवेशसत्राची प्रश्नपत्रिका उतरवून घेऊनच लिहायला बसावं. दुसरं, प्रबंध. आराखडा मंजूर झाल्याशिवाय क्षेत्रकाम सुरू करू नये, आणि मार्गदर्शक म्हणून कोण चालतं याचे निकष पुस्तिकेत बघून मग सोलापुरातल्या प्राध्यापकांना विचारावं. बरेच जण सगळे पेपर सोडवतात आणि इथे दोन-दोन वर्षं रखडतात. प्रात्यक्षिकाबद्दल पुण्याच्या प्रादेशिक केंद्रात नीट चौकशी करा.

नाणी, शिलालेख, उत्खनन यांत जास्त रस असेल तर सोलापूर विद्यापीठातच प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व हा विषय आहे. लोकांसोबत राहून प्रत्यक्ष काम करायचं असेल तर समाजकार्याची पदवी किंवा पंचेचाळीस किलोमीटरवरचं टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र बघावं.

यूपीएससीसाठी म्हणून मानवशास्त्रात एमए करू नका. वैकल्पिक विषयाचे २५० गुणांचे दोन पेपर असतात आणि तो विषय घ्यायला त्यातली पदवी लागत नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तिथेही वैकल्पिक विषय आला आहे. त्या अभ्यासाला दोन वर्षांचं एमए नको, नीट आखलेले काही महिने पुरतात. एमए करायचं ते संशोधन, संग्रहालयं, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचं नागपूर केंद्र, आरोग्य-संशोधनाचे प्रकल्प या वाटेला जायचं असेल तर. जागा थोड्या निघतात, म्हणून संख्याशास्त्राची एक संगणक आज्ञावली आणि नकाशे काढायचं तंत्र सोबत शिकून ठेवावं.

पुण्याचं ठरलं तर प्रवेशपरीक्षेचा ऑनलाइन अर्ज पदवीच्या शेवटच्या सत्राचा निकाल लागायच्या आधीच भरावा लागतो. निकालाची वाट बघत बसलेल्यांचं वर्ष जातं. सोलापूर विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र निकाल लागताच मागून घ्या. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर राखीव गटातून अर्ज असेल तर नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, नवा दाखला एप्रिलमध्येच काढायला टाका. जूनमध्ये सेतू केंद्रासमोर बारावीच्या मुलांची रांग लागलेली असते.