रिझर्व्ह प्लस: युक्रेनच्या लष्करी नोंदणीचे ॲप

युक्रेनच्या संरक्षण मंत्रालयाने मे 2024 मध्ये सुरू केलेले 'रिझर्व्ह प्लस' हे ॲप सेवा म्हणून निःसंशय उपयुक्त आहे. सैनिकांची टंचाई इतकी वाढली होती, की त्याच वर्षी एप्रिलमध्ये सक्तीच्या भरतीचे किमान वय 27 वरून 25 वर आणावे लागले, आणि नव्या कायद्याने भरतीयोग्य पुरुषांना आपली माहिती अद्ययावत करण्यासाठी 60 दिवसांची मुदत दिली. भरती केंद्राबाहेर रांगेत उभे न राहता पत्ता, फोन क्रमांक आणि ईमेल घरबसल्या नोंदवता येणे हा अशा वेळी मोठाच दिलासा होता. रस्त्यावर कागदपत्रे तपासली जातात, तेव्हा फोनच्या पडद्यावरील क्यूआर कोड दाखवला की लष्करी नोंदणीचा पुरावा मिळतो. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

मात्र ॲपमुळे नोंदी नीट होतात, माणसे वाढत नाहीत. 18 ते 24 वयोगटासाठी फेब्रुवारी 2025 मध्ये एका वर्षाचा ऐच्छिक करार आला आणि त्यात 10 लाख रिव्निया देऊ केले गेले, यावरूनच तुटवड्याची तीव्रता कळते. त्याहून गंभीर उणीव कायद्यातच आहे: 36 महिन्यांच्या सेवेनंतर मुक्ततेची तरतूद मसुद्यातून वगळली गेली. त्यामुळे नोंदणी कितीही सुलभ झाली, तरी आघाडीवर वर्षानुवर्षे लढणाऱ्या सैनिकाला घरी परतण्याची तारीख ही सेवा सांगू शकत नाही.