हिमस्खलन बीकन, वापरानंतर: यंत्र चोख, झाकणाने दोन स्टार घालवले

बीकन म्हणजे बर्फात जाताना अंगावर बांधायचं यंत्र. ते सतत सिग्नल सोडतं, कुणी गाडलं गेलं तर बाकीचे आपल्या यंत्राने तो पकडून त्याला शोधतात. तीन अँटेना, ४५७ किलोहर्ट्झचा सिग्नल वगैरे घेणाऱ्याला ठाऊक असतंच. मी लिहितोय ते झाकणामुळे. परवा सेल काढताना बॅटरीच्या झाकणाचा खटका तुटला. विक्रेता म्हणतो, झाकण सुटं मिळत नाही, आख्खं यंत्र परदेशात पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. यंत्राला कस्टम धरून तीस हजारांच्या वर मोजलेत मी!

गुलमर्गचा माणूस डिसेंबरात सेल घालतो, मोसम संपला की काढतो. आम्ही परभणीकर. बर्फ कधीतरी दिसणार, सराव सगळा इथेच. कंपनीच सांगते की वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि आतल्या पट्ट्या गंजतात. आमच्याकडे मे महिन्यात कपाटातली वस्तूही तापते, त्यामुळे ही सूचना पाळावीच लागते. म्हणजे प्रत्येक सरावाला झाकण उघडा, पुन्हा लावा. जो सूचना पाळतो त्याचाच खटका आधी जाणार, आणि वॉरंटीत तो ‘झीज’ म्हणून बाद. हा कुठला न्याय?

सेलवरूनही माझी आधी चिडचिड व्हायची. घरात सगळीकडे रिचार्जेबल, इथे मात्र फक्त अल्कलाइन. आता ते पटलंय. अल्कलाइनचा व्होल्टेज दीडवरून हळूहळू उतरतो, म्हणून पडद्यावरच्या टक्क्यांवर भरवसा ठेवता येतो. रिचार्जेबल १.२ च्या आसपास बराच वेळ टिकतो आणि मग एकदम बसतो. गाडल्या गेलेल्या माणसाला सेल बदलता येत नाही. अर्धे उतरलेले सेल मी भिंतीवरच्या घड्याळाला लावतो, वाया काही जात नाही.

सराव हरभरा निघालेल्या रानात केला. मित्राचा बीकन पोत्यात गुंडाळून कडब्याखाली ठेवायचा आणि शोधायचा. पडद्यावरचा बाण सरळ नेत नाही, सिग्नलच्या चुंबकीय रेषेच्या वळणाने नेतो, हे तिथेच अंगवळणी पडलं. शेवटच्या तीन मीटरला यंत्र जमिनीलगत धरायचं, वेग कमी करायचा. हाय टेन्शन लाईनजवळ आकडे भरकटतात. मोबाइल शोधताना निदान ५० सेंटीमीटर लांब हवा, एरवी चालताना २०. बंद केला तर उत्तमच.

गुलमर्गला अफरवट डोंगराच्या उतारावर यंत्राने तक्रारीला जागा ठेवली नाही. पण तिथे एक कळलं. बीकन जागा पटकन दाखवतो, खरा वेळ जातो उकरण्यात. हिमस्खलन थांबलं की बर्फ घट्ट बसतो, एक घनमीटर ३०० ते ५०० किलो भरतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या माणसाची जगण्याची आशा मोठी असते, पुढे ती झपाट्याने घटते. म्हणून फावडं अ‍ॅल्युमिनियमचंच घ्या, प्लास्टिकचं नको. प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस चाचपायची काठी, निदान २४० सेंटीमीटरचा हवा. मी पै-पैचा हिशेब ठेवणारा आहे, तरी इथे काटकसर करू नका म्हणेन.

दुसरं, बीकन हिमस्खलन थांबवत नाही. बर्फाचा थर पातळ आणि थंडी कोरडी असेल तर तळाचा बर्फ साखरेसारखा सुटा होतो, कण एकमेकांना धरत नाहीत. त्यावर जोराची बर्फवृष्टी झाली की ३० ते ४५ अंशांचा उतार एका माणसाच्या भारानेही सुटू शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वरच्या भागात एक रशियन स्कीअर असाच गेला. चंदीगडच्या डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन धोक्याच्या पाच पातळ्या सांगतं, त्याला एक रुपया लागत नाही. पातळी तीन झाली की तीव्र उतार सोडायचा, हा आमच्या गटाचा नियम आहे. गाईडने कितीही आग्रह केला तरी.

मोबाइल दुरुस्तीवाला झाकण चिकटवून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. हिमस्खलनात लोळण घेताना सेल हलले तर सिग्नलच बंद. खर्च सोसून यंत्र पाठवलंय.

पाचपैकी तीन स्टार. विकत घेणार असाल तर सुटं झाकण मिळेल का, हे आधी लेखी घ्या. वर्षातून एकदाच जाणार असाल तर गुलमर्गला बीकन, फावडं, प्रोब भाड्याने मिळतं, तेच परवडतं. हातात आलं की सेलचे टक्के बघा आणि निघण्याआधी गटातल्या प्रत्येकाचा सिग्नल एकेक करून तपासा.