अ‍ॅडालिमुमॅब ४० मि.ग्रॅ. सिरिंज: औषध खणखणीत, पण एकट्याने भागत नाही

आमवातात सुजलेल्या सांध्याच्या अस्तरात मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी ठाण मांडून बसतात आणि टीएनएफ नावाचं प्रथिन सोडत राहतात. त्यामुळे न्युट्रोफिल या पांढऱ्या पेशी सांध्याच्या पाण्यात उतरतात, अस्तर जाड होतं, हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी वाढतात. अ‍ॅडालिमुमॅब हे इंजेक्शन नेमकं हेच टीएनएफ धरून ठेवतं. मूळ औषधाला अमेरिकेत २००२च्या अखेरीस मान्यता मिळाली; त्याचं जगातलं पहिलं बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखंच बनवलेलं दुसऱ्या कंपनीचं औषध), झायडसचं एक्झेम्प्टिया, डिसेंबर २०१४मध्ये भारतातच बाजारात आलं.

लागू पडलं तर काही आठवड्यांतच सकाळी मूठ वळायला लागते, सीआरपी (रक्तातला सुजेचा निर्देशक) उतरतो. पण निकाल १२ आठवड्यांनी लावावा, आणि तोवर काहीच फरक नसेल तर तेच रेटत बसू नये. अशा वेळी बी पेशींवरचं रिटुक्सिमॅब किंवा टी पेशींवरचं अ‍ॅबाटासेप्ट असे वेगळ्या पेशींचे पर्याय आहेत.

मर्यादाही यातूनच कळते. टीएनएफ अडवलं तरी आमवातात सापडणाऱ्या अँटी-सीसीपीसारख्या अँटिबॉडी बनवण्यामागच्या बी पेशी जागच्या जागी असतात, म्हणून इंजेक्शन थांबवलं की अनेकांची सूज परत येते. शिवाय शरीर या औषधाविरुद्धही अँटिबॉडी तयार करतं आणि सहा-आठ महिन्यांनी चांगला चाललेला परिणाम ओसरू शकतो. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी सोबत असेल तर हा धोका कमी होतो. बरं वाटतंय म्हणून ती गोळी परस्पर बंद करणं ही फार महागात पडणारी चूक आहे.

आपल्याकडे सगळ्यात जपायचं ते टीबीपासून. फुफ्फुसात दबलेल्या जंतूंभोवती पेशींचं कडं टिकतं ते टीएनएफच्या जोरावर. ते अडवलं की कडं सुटतं. पहिल्या डोसआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीसाठी मँटू (कातडीत टोचून) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी हवीच. स्टेरॉइड चालू असताना मँटू खोटी निगेटिव्ह येऊ शकते. हिपॅटायटिस बी तपासावा. सुप्त टीबी निघाला तर प्रतिबंधक औषध निदान महिनाभर आधी सुरू होतं. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस घेऊ नये. जिवंत लसी तर नकोतच.

डोस दर १४ दिवसांनी, कातडीखाली. सिरिंज फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. गरम पाण्यात बुडवू नका. मांडीवर किंवा बेंबीपासून ५ सें.मी. दूर पोटावर, कातडी चिमटीत धरून, ४५ अंशांत. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. नंतर चोळू नका आणि पुढच्या वेळी जागा बदला. सायट्रेट असलेलं द्रावण जास्त चुरचुरतं, एवढी एक तक्रार खरी आहे.

खरा घोळ होतो साठवणीत. २ ते ८ अंश म्हणजे फ्रिजचा मधला कप्पा. दार नको, बर्फाच्या कप्प्याला टेकूनही नको. केमिस्टकडून आणताना गोठलेला जेलपॅक थेट पेटीला लावलेला असतो, तिथेच सिरिंज गोठते. मध्ये जाड पुठ्ठा किंवा कापड घालून घ्या. गोठलेलं प्रथिन विरघळल्यावर द्रावण कधी गढूळ दिसतं, कधी अगदी स्वच्छ. त्यामुळे नुसतं बघून खात्री करू नका. गोठल्याची शंका असलेली पेटी काउंटरवरच परत करा.