कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडीची अलॉय चाकं रंगवली, काम एक नंबर पण वेळेच्या नावानं बोंब

पावसाळ्यानंतर आपल्याकडचे रस्ते कसे असतात ते सांगायला नकोच, त्यात फुटपाथची कड घासून अलॉयचा रंग निघालेला आणि क्लिअर कोटच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या खाली पाणी शिरून पांढरे दोऱ्यासारखे डाग पसरायला लागलेले. हे वरून स्प्रे मारून थांबत नाही, अल्युमिनियम आतनं खात जातंय.

एका ठिकाणी टायरला पेपर चिकटवून 'जागेवरच मारून देतो की' म्हणाले, तिथनं निघालो. उद्यमनगरातल्या या शेडवाल्यानं मात्र टायर उतरवल्याशिवाय हातच लावला नाही. जुना रंग पार काढला आणि पावडर कोट, म्हणजे कोरड्या पावडरीचा रंग मारला. हा कोट साधारण 200 अंशाला भट्टीत भाजतात, त्यात खड्डे भरायची साधी लांबी (पुट्टी) टिकत नाही म्हणून कडा भरायच्या ऐवजी घासून सरळ केल्या. फौंड्रीवाल्यांच्या गावात असली माणसं मिळतात हे खरं.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे नट बसतात त्या खोलगट जागा आणि मागं हबला टेकतो तो भाग कोरा ठेवलाय, नख फिरवून बघितलं, रंगाचा कण नाही. तिथं थर राहिला की तो दबतो आणि नट ढिले होतात. तरी पण शंभरेक किलोमीटर फिरवून नट टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) परत बघा म्हणाला. एका चाकाला आतल्या कडेला बारीक चीर निघाली, वेल्डिंग मारून पैसे घेतले असते तर मला कळलं पण नसतं, पण गडी म्हणतोय, "दादा, हे रंगवून देतो, पण गाडीला बसवू नका, बदला."

आता वैताग. 'उद्या या' ऐकून ऐकून कान किटले, फोन उचलायचा तर प्रश्नच नाही. बॅलन्सिंग तिथं होत नाही, दुसरीकडं जायला लागतंय. डायमंड कट, म्हणजे चाकाचा दर्शनी भाग कातून चकचकीत करणं पण नाही, त्याला लेथ लागतो.

एक सांगतो, गाडी थांबल्या थांबल्या तापलेल्या चाकावर पाणी मारू नका आणि वॉशिंगवाल्याला चाकावर अ‍ॅसिड तर अजिबात मारू देऊ नका, क्लिअर कोटची वाट लागते. ब्रेकची काळी धूळ साठायच्या आत शाम्पूच्या पाण्यानं धुवायची, बास.

रंग गनमेटल घेतलाय, लई भारी दिसतोय. बायको म्हणते काळाच आहे.