सहा खणांचा आइसकांडी साचा: मार्च ते नोव्हेंबर

मार्चात ऑनलाइन मागवला. सहा खण, प्लॅस्टिकचा, झाकणालाच दांडी. तीनशेच्या आत पडला. घरी दोन पोट्टे, सुट्ट्यांत नणंदेचे आणखी दोन येतात, आणि आमच्या वरुड तालुक्यात मे महिन्यात दुपारी अंगणातही पाय ठेववत नाही, पारा ४५ च्या आसपास. सायकलवर डबा बांधून कांडीवाला येतो, पण त्याची कांडी खाल्ली की जीभ संध्याकाळपर्यंत लाल. म्हटलं, वावरात संत्रा उभा आहे, घरीच करून पाहू.

पहिला घोळ मापाचा झाला. आमचा फ्रीज एका दाराचा. बर्फाच्या कप्प्यात वरून-खालून बर्फ चढलेला, त्यात साचा उभा मावेना. तिरपा ठेवला तर अर्धा रस सांडून खालच्या दुधाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात. मागवण्याआधी कप्प्याची उंची पट्टीने मोजा, दांडी धरून. वस्तूच्या वर्णनात दिलेली उंची बिनदांडीची होती, हे मला नंतर कळलं.

दुसरा घोळ माझाच. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा संत्रा संपत आला होता. फोडी बियांसकट मिक्सरमधून फिरवल्या, गाळल्या, रस रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला आणि सकाळी साच्यात भरला. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, हयात बागेत घातली आहे. त्यांनी एकदा चोखली, काही बोलले नाहीत, कांडी वाटीत उभी करून ठेवली आणि पाणी मागितलं. मी चाखली तर कडूजहर. संत्र्याच्या बियांत आणि फोडीच्या पांढऱ्या पडद्यात जे असतं, त्याची चव फळात असताना कडू लागत नाही. रस काढला की त्याच्याच आंबटपणाने काही तासांत त्याचं लिमोनिन होतं, आणि ते कडू. रस उकळला तर आणखी लवकर. म्हणून आता बिया काढून, हाताने पिळून, गाळून लगेच साच्यात. साखर घालायची तर पाक वेगळा करून गार करायचा, रस विस्तवावर चढवायचा नाही.

खरी गोम साखरेची आहे, आणि ती साच्यासोबतच्या कागदावर कुठेच लिहिलेली नाही. एप्रिलात नदीच्या रेतीतलं टरबूज आणलं. गोड होतं म्हणून साखर घातलीच नाही. सकाळी जे निघालं त्याने दगड फुटला असता. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "काहून वं, हे त नुसतं पाणी गोठवलं. रस कुठी गेला?" साखर असली की रस पुरता गोठत नाही, बर्फाच्या कणांमधे थोडा पाक राहतो आणि दाताला कांडी मऊ लागते. जास्त झाली तर मात्र गोठतच नाही, दांडी हातात आणि गोळा साच्यात. त्यात गारव्याने जिभेला गोडी कमी कळते, म्हणून चाखताना जरा जास्तच गोड वाटलं पाहिजे. माझं माप असं बसलं: टरबुजाच्या अर्धा लिटर रसाला साठेक ग्रॅम साखर, संत्र्याला त्याहून थोडी कमी, चिमूटभर मीठ आणि लिंबू. सहा खण त्यात भरतात. काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना फुगतं, बोटभर जागा सोडा.

आंब्याला यातलं काही लागत नाही. गावरान आंब्याचा रस पुरणाच्या चाळणीतून काढला की दोरे मागे राहतात आणि कांडी कुल्फीसारखी मऊ होते, कारण गर घट्ट असतो. कैरीचं गुळाचं पन्हंही छान जमलं, पोट्ट्यांनी आंब्यापेक्षा तेच जास्त मागितलं. जांभूळ एकदाच केलं. चव पहिल्या नंबरची, पण गादीवरचे डाग अजून आहेत.

लाईनचं, म्हणजे विजेचं, सांगायलाच हवं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, एक दिवस दुपारी गेली ती रात्री आली. कांड्या अर्ध्या वितळून पुन्हा गोठल्या. साखर आणि रंग सगळा खाली उतरलेला, वरचा अर्धा भाग पांढरा, बेचव. पुढच्या वेळी आत्याबाईंनी त्यांच्या लहानपणचा माठकुल्फीवाला आठवला. गावातून बर्फाची लादी आणली, फोडून बादलीत टाकली, तीन वाट्या बर्फाला एक वाटी खडे मीठ, आणि मधे रसाचा स्टीलचा डबा. मीठ बर्फाला वितळवतं आणि वितळताना बर्फ आजूबाजूची उष्णता ओढतो, त्यामुळे ते खारं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं. डबा फिरवत राहिलो, तासाभरात कडेला थर धरला. पोट्टे खरवडून खात बसले. साचा त्या दिवशी फळीवरच होता.

आता साच्याविषयी. झाकणाच्या रबरी कडीला वास धरतो. एकदा शेजारी सांबारवडीचं (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) सारण ठेवलं होतं, तर संत्र्याच्या कांडीला लसणाचा वास. सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवल्यावर गेला. मे महिन्यात एक दांडी झाकणातून निघून आली. दुसऱ्या खणाला तडा गेला, त्यात चूक माझी: कांडी सुटावी म्हणून कढत पाणी ओतलं. माठातल्या पाण्यात वीस-पंचवीस सेकंद धरलं तरी पुरतं. कंपनीला दांडीचा फोटो पाठवला होता, "आपली तक्रार नोंदवली आहे" एवढं आलं, पुढे काही नाही.

पावसाळ्यात साचा माळ्यावर. ऑक्टोबरात सीताफळासाठी उतरवला. गर हाताने चाळणीवर घासायचा, मिक्सरला लावून बिया फोडायच्या नाहीत, आणि गर गरम करायचा नाही, कडसर होतो. घट्ट केलेलं गार दूध घालून केली ती या आठ महिन्यांतली सगळ्यात चांगली कांडी.

आता अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यातल्या फुलोऱ्याच्या संत्र्याची, तोडणी चालू आहे आणि चारच खण उरलेत. बाकी दोघांसाठी चहाच्या स्टीलच्या ग्लासात रस भरते, दोन तासांनी घट्ट व्हायला लागला की मधे चमचा उभा करते. ग्लासातली आधी गोठते.