सरकारी दवाखान्यातली पेल्विक फ्लोअर (ओटीपोटाच्या तळाचे, लघवी धरून ठेवणारे स्नायू) फिजिओथेरपी: सात महिन्यांनंतर

मोठं लिहितेय, पण हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर तीन वर्षं वाचली असती, म्हणून सगळंच लिहिते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर खोकलं, शिंक आली, मुलीला उचललं की लघवी गळायची. थेंबभर नाही, कपडे बदलावे लागतील इतकी. तीन वर्षं पॅड लावून काढली. दोन वेळा डॉक्टरांना विचारलं तर "बाळंतपणानंतर होतंच एवढं" म्हणून विषय संपवला. तिसऱ्या वेळी वेगळ्याच कामासाठी गेले होते, तिथल्या डॉक्टर मॅडमनी स्वतःहून विचारलं, "खोकताना लघवी होते का?" आणि केसपेपरवर एक ओळ लिहिली, फिजिओकडे पाठवा. ती एक ओळ मिळायला तीन वर्षं लागली, याचा मला अजून राग येतो.

पुढचंही सोपं नव्हतं. फिजिओथेरपी विभाग म्हणजे गुडघे, कंबर, लकवा. खिडकीवर सगळ्यांसमोर विचारलं, कंबर दुखते का? मी हळू आवाजात लघवीचं सांगितलं तर परत मोठ्याने विचारलं. ह्या कामाचं ट्रेनिंग घेतलेल्या मॅडम एकच, त्या आठवड्यातून दोनच दिवस बघतात, तेही अकरा ते एक. अकरा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

त्या अकरा आठवड्यांत मी व्हिडिओ बघून व्यायाम सुरू केले. आणि पहिल्या दिवशी कळलं की मी सगळं उलटं करत होते. मॅडमनी आधी पाऊण तास नुसतं विचारलं, मग सांगितलं की आतून तपासावं लागेल, ग्लोव्ह घालून एका बोटाने, नको असेल तर नाही करणार, मधेच थांबा म्हणालात तरी थांबेन. असं आधी कोणी विचारलंच नव्हतं मला. मग म्हणाल्या, आवळा. मी आवळलं. "ताई, तुम्ही खाली ढकलताय. आणि श्वास रोखलाय. गॅस अडवताना आत-वर जे ओढलं जातं ना, तेवढंच करा, पोट सैल." चौथ्या-पाचव्या वेळी त्या म्हणाल्या, "हां, हे. हे लक्षात ठेवा." त्या दिवशी ह्या स्नायूंची ताकद पाचपैकी दोन निघाली.

नंतर वाचलं तर हे माझ्या एकटीचं नाही. १९९१ च्या एका अभ्यासात नुसतं तोंडी सांगून व्यायाम करायला लावले तेव्हा जेमतेम निम्म्या बायकांना नीट जमलं, आणि साधारण चौघींत एक अशा पद्धतीने करत होती की गळती वाढू शकते. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले तेव्हा स्नायूंची ताकद मोजायचं यंत्रही सोबत वापरलं होतं. आता केगल हे नाव सगळ्यांना माहीत आहे पण तपासून शिकवायचं हा भाग गळून गेला.

रूटीन साधं आहे. आठ वेळा आवळायचं, दिवसातून तीनदा, सुरुवातीला चार सेकंद धरून, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडून. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं, मला सगळ्यात लवकर फायदा ह्याचा झाला. शिवाय तीन दिवस डायरी ठेवायची, किती पाणी प्यायलं, किती वेळा लघवीला गेले. मी दिवसातून चौदा वेळा जात होते! बाहेर पडायच्या आधी "जाऊन येऊ एकदा" ही सवय, तिने मूत्राशयाला थोडंही साठवायची सवय राहत नाही असं मॅडमनी समजावलं. आता सात-आठ वेळा. आणि लघवी करताना मधेच धार थांबवून व्यायाम करायचा नाही, हे व्हिडिओत सर्रास सांगतात, ते चुकीचं आहे.

पहिले पाच आठवडे काही म्हणजे काहीच फरक नाही. मी सोडणारच होते. नवव्या आठवड्यात लिफ्टमध्ये जोरात शिंक आली आणि सवयीने खाली हात गेला, कोरडं होतं. मी तिथेच रडले. चौथ्या महिन्यात ताकद चार झाली, पॅड बंद. मधे मुलगी आजारी होती, तीन आठवडे व्यायाम सुटले तर थोडं परत गळायला लागलं, म्हणजे हे सोडून चालत नाही. दोरीवर उड्या मारल्या तर अजूनही गळतं.

आता तक्रारी. पडद्याला फट आहे आणि पलीकडे खांद्याचा व्यायाम चालू असतो, अशा जागी आतून तपासणी करून घेणं जड जातं. वेळ अशी की दर वेळी अर्धी रजा. बाकावर माझ्या शेजारी साठीच्या एक मावशी बसायच्या, अंग बाहेर येतं म्हणून आलेल्या, वीस वर्षं कोणाला बोलल्या नव्हत्या. दोन वेळा एक वाजला म्हणून नंबर न लागताच परत गेल्या, नंतर दिसल्या नाहीत.

आणि सगळ्यांनाच आवळायचे व्यायाम लागत नाहीत. संबंधाच्या वेळी दुखतं म्हणून आलेल्या एकीचे स्नायू आधीच घट्ट होते, तिला सैल सोडायला शिकवलं, आवळून तिचं वाढलं असतं. लघवीत रक्त, जळजळ, खालच्या भागात बधिरपणा असेल तर आधी डॉक्टर.

हे चोचले नाहीत हो. २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात (बरेच अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष) खोकताना-शिंकताना गळणाऱ्या बायकांमध्ये व्यायाम केलेल्या शंभरातल्या ५६ जणी बरं झाल्याचं सांगतात, न केलेल्यांत ६. इंग्लंडमध्ये कोणते उपचार द्यायचे ते सांगणाऱ्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनात तर अशा गळतीला आधी किमान तीन महिने देखरेखीखाली हेच उपचार सांगितलेत. ना महागडं मशीन लागतं ना ऑपरेशन, लागते एक ट्रेनिंग झालेली मॅडम आणि दार बंद होणारी खोली. प्रत्येक बाळंतपणानंतरच्या तपासणीत "गळते का?" हा प्रश्न विचारायला तर काहीच लागत नाही.

माझी पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे. तोवर व्यायाम उभ्याने, दहा सेकंद धरून, आणि जमलं तर हळूहळू पळून बघा म्हणाल्यात. पळायचे बूट माळ्यावरून काढून ठेवलेत.