पैसे मूळ इंजिन बांधण्याचे, बसवलं टॅक्सीचं

लिहायची लाज वाटते. बँकेत २८ वर्षं लोकांच्या सह्या पडताळल्या आणि घरच्या गाडीचा इंजिन नंबर पडताळायचा राहिला. पण जुनी फियाट-पद्मिनी घेऊन आणखी कुणी असल्या मिस्त्रीच्या दारात उभं राहण्याआधी हे वाचावं.

गाडी आबांची, १९७४ ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं मूळ इंजिन, एकदाही न उघडलेलं. गेल्या वर्षी धूर वाढला, ऑइल प्यायला लागली, चढाला दम सुटला. मिस्त्रीनं दोन वाटा सांगितल्या. टॅक्सीतून निघालेलं चालू इंजिन २८,००० मध्ये, चार दिवसांत गाडी घरी. नाहीतर आहे तेच उतरवून पूर्ण बांधायचं, दोन महिने आणि लाखावर खर्च. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, त्यामुळे असली इंजिनं भंगारात मिळतात हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, आबांचंच बांधा. शिवाय पन्नाशी ओलांडलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची होती, आणि २०२१ च्या त्या नियमांत इंजिनातला फेरबदल चालत नाही. हे सगळं मीच त्याला चहा पाजून समजावलं. म्हणजे तो नंबर माझ्या किती जिवाचा आहे, हे चोराला मीच सांगून ठेवलं.

बिल वहीच्या कागदावर. बोअर (सिलिंडर आतून घासून मोठा करणं) आणि पिस्टन-रिंग २८,५००. क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग १४,२००. हेड, व्हॉल्व्ह, गाइड ११,८००. टायमिंग चेन, ऑइल पंप, गॅस्केट ९,७००. कार्ब्युरेटर ६,५००. मजुरी २२,०००. मधेच फोन, "साहेब, ब्लॉकला केसाएवढी चीर निघाली," तिचे १८,०००. एकूण १,१०,७००. पैकी ५०,००० यूपीआयनं, ६०,७०० रोख. "पक्क्या बिलाला जीएसटी लागेल साहेब," म्हणाला आणि मला मोह झाला. रोख देऊ नका. एक रुपयासुद्धा.

गाडी आणायला गेलो ती संध्याकाळ अजून डोळ्यांसमोरून जात नाही. बॉनेट उघडं, इंजिनाला चंदेरी रंग, एका चावीत सुरू. आवाज ऐकून डोळे भरले, खोटं कशाला बोलू. आणि तेव्हाच दिसलं. कार्ब्युरेटरच्या गळ्याशी एक बारीक भोक, त्यात पितळेचं बूच ठोकलेलं. मी त्यावर बोट फिरवलं. विचारलंसुद्धा, हे काय? "जुनंच आहे साहेब, कंपनीचं." आमच्या गाडीनं जन्मात गॅस पाहिला नव्हता. टॅक्सीला सीएनजी किटची नळी घालायला तिथेच भोक पाडतात, हेही मला माहीत होतं. आणि मी मान डोलावली! मुलगा पेढे घेऊन उभा होता, गाडी घुमत होती, कोण बुचाकडे बघत बसतो?

नंबर का नाही पाहिला, असं सगळेच विचारतात. त्या जागेवर रंगाचा जाड थर होता. आणि बारा वर्षं गाडी याच माणसाच्या हाताखाली होती. अनोळखी असता तर टॉर्च घेऊन वाकलो असतो.

चार महिन्यांनी तपासणीला गाडी नेली. इन्स्पेक्टरनं थिनरचा बोळा फिरवायला लावला. नंबर उमटला, पण आरसी बुकातला नाही. घरी येऊन "तुमचे जुने पिस्टन" म्हणून दिलेली पिशवी उघडली. पिस्टनच्या डोक्यावर ४० चा छाप, म्हणजे बोअर मारल्यावर घालतात तसले वाढीव मापाचे. ज्या इंजिनाला कधी बोअर मारलं नाही, त्यात फोर्टी साइजचे पिस्टन! जुने पार्ट मागून घ्या, पण माझ्यासारखे माळ्यावर टाकू नका.

मग सुरू झाली वरात. आरटीओ म्हणतं, इंजिन बदललं तर परवानगी का नाही घेतली? अहो, बदललंय हे मला कळलं असतं तर घेतली असती ना! पोलिसांचा कागद आणा. चौकीत म्हणाले, गाडी तुमच्याकडे आहे, चालतेय, मग चोरी कसली? दिवाणी बाब आहे. वर, गॅरेज आमच्या हद्दीत नाही. हद्दीतल्या ठाण्यात साहेब बंदोबस्ताला. हद्द नसली तरी नोंदवतात ती झिरो एफआयआर म्हणालो तर हवालदारानं असं पाहिलं की मीच आरोपी. एकजण म्हणाला, "काका, या डब्यासाठी कशाला धावताय? नवीन घ्या की." नऊ फेऱ्यांनंतर अर्जावर आवक शिक्का मिळाला. आरटीओला तो चालत नाही, एफआयआर हवी. ठाण्याला आधी आरटीओचं लेखी पत्र हवं. पत्र देणारा क्लार्क रजेवर. ग्राहकांच्या १९१५ या हेल्पलाइनवर पहिला प्रश्न, पक्कं बिल आहे का? शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. ५०,००० चा पुरावा आहे. ६०,७०० चा काय, वहीचा कागद.

इंजिन उतरण्याआधी नंबराचा पेन्सिल प्रिंट काढा आणि त्यावर मिस्त्रीची सही घ्या. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, बोअर मारायला लेथवाल्याकडे असेल त्या दिवशी स्वतः जाऊन बघा. "तिथे गिऱ्हाईक घेत नाहीत" म्हणाला तर ब्लॉक उचलून घरी आणा.

मिस्त्री फोन उचलतो, हे आणखी वाईट. "गाडी चालतेय ना साहेब?" चालतेय. २८,००० चं इंजिन आहे, चालणारच.

आमचं विकलं की बोअर मारताना फोडलं, तेही सांगत नाही. नंबराचे शेवटचे तीन आकडे ४१७. कुठल्या गॅरेजात, भंगारात दिसलं तर कळवा. फुटलेलं असलं तरी घेईन.